निकेल न चढलेली जागा

माझं अमरावतीत बी-बियाण्यांचं दुकान आहे. या धंद्यात माणूस संशयी होतो की मुळातला संशयी माणूसच या धंद्यात टिकतो, हे मला अजून कळलेलं नाही. माल आला की मी आधी पिशवीची शिलाई पाहतो, मग होलोग्राम उजेडात धरून तिरपा करतो, मग पिशवीवरचा आणि खोक्यावरचा लॉट नंबर जुळतो का ते पाहतो. बनावट कपाशीचं बी उगवलं नाही तर शेतकरी कंपनीला शोधत बसत नाही, माझ्या नावानं खडे फोडतो. ही सवय संध्याकाळी शटर ओढलं म्हणून दुकानात राहत नाही, ती माझ्यासोबत घरी येते. दूध आलं की मी वास घेतो. पेट्रोल पंपावर काटा शून्यावर आला का, हे गाडीवरून उतरून पाहतो. माझी बायको म्हणते, तुमच्या हातावर प्रसाद ठेवला तरी तुम्ही तो उलटा करून पाहाल. म्हणू द्या, फसायला तिला लागत नाही.

वडिलांची मोटारसायकल भातकुलीजवळच्या आमच्या मळ्यात, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी होती. आम्ही भाजीपाला आणि फुलं पिकवणारे लोक. वडील या गाडीला दोन्ही बाजूंनी पोती बांधून मेथी, वांगी आणि सणावाराला झेंडू अमरावतीच्या बाजारात न्यायचे. दोन सायलेन्सरची टू-स्ट्रोक गाडी, जिचा गिअरचा दांडाच आत दाबून उभा केला की किक होतो. माझ्या वयाच्या माणसाला एवढं सांगितलं तरी गाडी कोणती ते कळतं. म्हातारपणी त्यांचे गुडघे गेले आणि गाडी शेडमध्ये गेली. पुढं तिच्यावर ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी पडली, रिकामी कॅरेटं पडली, आणि ती तिथं आहे हेही आम्ही विसरलो.

वडिलांच्या तेरवीला आलेला तिवस्याकडचा एक ओळखीचा माणूस हात धुवायला म्हणून शेडकडे गेला आणि बराच वेळ आलाच नाही. आला तो मला बाजूला घेऊन विचारू लागला, गाडी द्यायची आहे काय. मी म्हटलं, पाहू. पण मनात शंकेची पाल चुकचुकलीच. जेवणाच्या पंगतीतून उठून कोणी भंगार मागत नाही. चार ठिकाणी चौकशी केली तेव्हा समजलं की या गाड्यांचे आता वेडे झालेले लोक आहेत, आणि अख्ख्या गाडीपेक्षाही तिच्या अस्सल पार्टांसाठी ते जीव टाकतात. हेडलाइटची रिंग, टाकीचं झाकण, सायलेन्सर, मीटर. आज बाजारात जे मिळतं ते पातळ पत्र्याचं, नकली. त्या काळचं लोखंड वेगळंच. दुसऱ्याच दिवशी मी शेडला कुलूप घातलं आणि किल्ली दुकानाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली.

मला एकच बहीण, धाकटी, अकोल्याला दिलेली. तिच्या नवऱ्याचं तिथं लेथचं वर्कशॉप आहे. वडील गेल्यावर काही महिन्यांतच तिनं भातकुलीला येऊन मळ्यातला आपला हक्क सोडून दिला. आमच्याकडे बहिणी हक्कसोड करून देतात, पण त्याआधी कुठं ना कुठं कुरबुर होते, रुसवेफुगवे होतात, कोणी मामा मध्ये पडतो. इथं काहीच झालं नाही. मी विषय कसा काढावा या विचारात असतानाच तिचा फोन आला की कधी येऊ सही करायला. आली, सही केली, आईच्या हातची ज्वारीची भाकर खाल्ली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. शहराच्या इतक्या जवळची जमीन कोणी अशी सोडतं? मला तिच्याविषयी माया नाही असं नाही, पण मी आतून वाट पाहत राहिलो की आता ही काहीतरी मागेल.

आईला वेगळीच धास्ती होती. वडील गेले, मुलीचा जमिनीतला हक्कही सुटला, आता ती इथं येईल का, आली तर पहिल्यासारखी येईल का. बहीण आली की घरात वारं शिरल्यासारखं व्हायचं. चप्पल काढायच्या आधी ती फ्रिज उघडायची, माझ्या बायकोची साडी न विचारता नेसायची, मळ्यात जाऊन वांगी तोडून आणायची, आईच्या पलंगावर आडवी पडून मलाच पाणी मागायची. आई मला सारखी बजावायची की तिचं येणं तुटेल असं काही करू नको. मी म्हणायचो, मी काहून करीन.

उन्हाळ्यात आम्ही बहीण-जवायांना आंब्याच्या रसाला बोलावलं. जेवण झाल्यावर जवाई मळ्यात फिरून आले. शेडला कुलूप पाहून त्यांनी आत काय आहे ते विचारलं, आणि मला किल्ली आणावीच लागली. ते आत गेले, भेंडोळी बाजूला केली आणि गाडीसमोर उकिडवे बसले. हेडलाइटच्या रिंगवरून अंगठा फिरवून पाहिला, सायलेन्सर वाजवून पाहिला. मी दारात उभा राहून त्यांचा अंगठा कुठं कुठं जातो ते पाहत होतो. तिवस्याच्या माणसानं जे जे विचारलं होतं, तिथं तिथंच तो जात होता.

"दादा, बाबांची गाडी मले द्या," ते म्हणाले. "एकेक पार्ट उभा करून देतो. अकोल्याले निकल चढवनारा माह्या ओळखीचा हाय. पैशे-गिशे काई नाई."

आता आलं, मला वाटलं. पैसे-गिसे काही नाही म्हणणाऱ्याला मी दुकानात उभं करत नाही. जो फुकट देतो तो कुठून तरी काढून घेतो, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की त्यावर विचार करायचीही गरज पडत नाही. जमीन सोडली, कारण डोळा इथं होता. हे मी बोललो नाही. आईला स्वयंपाकघरात जाऊन एवढंच सांगितलं की मला हे काही ठीक दिसत नाही. ती रसाचं पातेलं पुसत होती. म्हणाली, "जवाई तोंडानं मागून राहिले. नाई म्हणशीन तं मी पोरीले काय तोंड दाखवू? देऊन टाक."

जवायाला नाही म्हणायची आमच्याकडे रीतच नाही. मी हो म्हटलं, पण डोळ्यात तेल घालून राहायचं ठरवलं.

गाडी आम्ही मळ्यातच खोलली. जवाई नटबोल्ट सोडवत होते आणि मी शेजारी पोत्यावर पार्ट मांडत होतो. ते म्हणाले, दोन-चार दिवसांत टेम्पो पाठवतो. ते दोन-चार दिवस मला पुरले. रिंग, टाकीचं झाकण, दोन्ही सायलेन्सर, हॉर्नचं बटण, हँडल, असे निकेल चढवायचे सगळे पार्ट मी पोत्यात घातले आणि अमरावतीला भांड्यांच्या दुकानात घेऊन गेलो. तिथं एक माणूस बाहेर स्टुलावर बसून आहेराच्या भांड्यांवर मशीननं नावं घालतो. त्यानं पोत्यात डोकावून पाहिलं आणि विचारलं, कोणाकडून कोणाले? मी म्हटलं, नाव नको, फक्त दोन टिंबं आणि मध्ये एक रेघ, आणि तीही आतल्या बाजूनं, बाहेरून दिसणार नाही अशी. तो म्हणाला की त्यानं उभ्या आयुष्यात डब्याच्या झाकणापासून हंड्यापर्यंत सगळ्यावर नावं घातली, पण लपवून घालायला सांगणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच आलं. भांड्यावर नाव घालतात ते कोणी दिलं ते साऱ्यांना दिसावं म्हणून. मी त्याला म्हटलं, तू मशीन चालव.

टेम्पो पार्ट घेऊन गेला आणि मला स्वस्थ बसवेना. आठवडाभर फोन केला की जवाई म्हणायचे, होऊन राहिलं, होऊन राहिलं. मग एक दिवस मी न कळवता बडनेऱ्याहून गाडी धरून अकोल्याला गेलो. बियाण्यांच्या डीलरकडे काम होतं, असं सांगायचं ठरवून ठेवलं होतं.

वर्कशॉप त्यांच्या घराला लागूनच आहे. मला पाहून जवाई हात पुसत पुढं आले, खुर्ची दिली, बहिणीला हाक मारून चहा सांगितला. इंजिनाचं काम झालं होतं, ते त्यांनी कापड काढून दाखवलं. बाकीचे पार्ट निकेलवाल्याकडे गेले होते. कसं करतात ते त्यांनी समजावून सांगितलं. आधी जुना थर काढायचा, मग गंज घासायचा, बफ मारून लोखंड आरशासारखं करायचं, मग तांबं, निकेल आणि सगळ्यात वर क्रोम. मी मान हलवत होतो, पण माझं लक्ष लेथच्या मागच्या फळीवर होतं. तिथं तशीच एक हेडलाइटची रिंग ठेवलेली होती, झळाळती.

मी ती कोणाची म्हणून विचारलं. ते म्हणाले, मूर्तिजापूरचं एक गिऱ्हाईक आहे, त्याची. उत्तर इतकं पटकन आलं की ते तयार ठेवलेलं असावं असं मला वाटलं. तेवढ्यात बाहेरून कोणी हाक मारली आणि ते रस्त्यावर गेले. मी उठलो, फळीवरची रिंग उचलली, उलटी केली आणि आतल्या कडेवरून बोट फिरवलं. टिंब नाही, रेघ नाही. खिडकीकडे धरून पाहिली, दुसऱ्या बाजूनं पाहिली. काहीच नव्हतं. म्हणजे ती खरंच मूर्तिजापूरवाल्याची होती, किंवा खूण घासून गेली होती.

मागं कपबशीचा आवाज झाला. बहीण चहा घेऊन दारात उभी होती. कधीपासून, ते मला माहीत नाही.

"काय पाहून राहिला, दादा?"

मी म्हटलं, काही नाही, निकेल चांगलं चढलं आहे. तिनं चहा स्टुलावर ठेवला, माझ्या हातातली रिंग घेतली, तिनंही ती उलटी करून आतून पाहिली आणि फळीवर परत ठेवली. मग आईची तब्येत विचारली. जेवताना ती मला आग्रह करून वाढत होती, पण मधूनच माझ्याकडे पाहायची, आणि मी पाहिलं की ताटाकडे. माझ्या मनात आलं, हिच्या पोटात काहीतरी काळंबेरं आहे. परतीच्या गाडीत मला तेवढंच सुचत होतं.

पार्ट दिवाळीच्या जरा आधी आले, वर्तमानपत्रात एकेक वेगळा गुंडाळलेला. मी शेडचं दार आतून लावलं आणि मोबाइलचा टॉर्च पेटवला. काम पाहून कोणीही हरखून गेलं असतं. सायलेन्सरमध्ये माझं तोंड दिसत होतं. हेडलाइटच्या रिंगवर जिथं वडिलांनी कधीतरी गाडी पाडली होती तिथला पोचा गेला होता. मी रिंग उलटी केली आणि थांबलो. आतल्या बाजूनंही निकेल चढलेलं होतं, पण एका ठिकाणी नखाएवढी जागा तशीच राहिली होती, काळपट, खरखरीत. टाकीच्या झाकणालाही आतून तसाच ठिपका. सायलेन्सरला क्लॅम्पखाली तसाच. हँडलला, हॉर्नच्या बटणाला, प्रत्येकाला. मला आनंदच झाला म्हटलं तरी चालेल. इतके दिवस जे बोट ठेवायला सापडत नव्हतं ते सापडलं होतं. फुकटच्या कामात असंच होणार. मी तिथूनच जवायांना फोन लावला आणि सांगितलं की प्रत्येक पार्टावर आतून एकेक जागा निकेल न चढवता सोडली आहे, तुमच्या ओळखीच्या माणसानं तुम्हालाच फसवलं.

त्यांच्या मागं लेथ चालू होती, ती बंद झाली.

"त्यानं नाई फसवलं, दादा," ते म्हणाले. "तिथं तुमची खूण हाय. बफ मारला असता तं गेली असती. म्हून तेवढ्या जागेवर पट्टी लावाले मीच सांगतलं होतं. खूण गेली असती तं तुमाले कसं समजलं असतं, पार्ट तुमचाच हाय म्हून?"

मी टॉर्च जवळ नेला. काळपट ठिपक्याच्या मधोमध दोन टिंबं आणि एक रेघ, मशीननं घातली तशीच्या तशी होती. मी काहीतरी बोललो. बहुतेक असं, की पार्ट इकडे तिकडे मिसळू नयेत म्हणून खूण केली होती. ते म्हणाले, बरं केलं. त्यांना खूण केव्हा दिसली असं मी विचारलं, तर ते म्हणाले की त्यांना दिसलीच नव्हती. त्या दिवशी मी जेवून गेल्यावर बहिणीनं त्यांच्यासोबत निकेलवाल्याकडे जाऊन आमचे पार्ट उलटे करून पाहिले होते. पट्टी लावायचं तिलाच सुचलं होतं.

मला लाज वाटली. तोंड धुवावंसं वाटलं. पण मी जसा आहे तसा आहे, आणि घडलं ते सांगतो. फोन ठेवल्यावर थोड्या वेळानं माझ्या मनात आलं की खूण तर कोणीही दुसऱ्या रिंगवर तशीच उमटवून घेईल. मी रिंग पुन्हा उचलली. आत एका ठिकाणी वडिलांनी चीर सांधायला घरीच डाग दिलेला होता, वेडावाकडा, पितळेचा. निकेलखालून त्याचा उंचवटा बोटाला लागला. तेव्हा कुठं मी दार उघडलं.

पुढच्या रविवारी जवाई एकटेच आले आणि त्यांनी दिवसभर बसून गाडी जोडली. बहीण आली नाही, मुलांच्या परीक्षा आहेत असं त्यांनी सांगितलं. जोडल्यावर त्या सोडलेल्या जागा कोणाला दिसणार नव्हत्या, क्लॅम्पखाली आणि काचेमागं झाकल्या गेल्या होत्या. पहिल्यांदा किक बसली आणि शेड निळ्या धुरानं भरलं, तेव्हा आई ओसरीवरून उठून आली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. मी जवायांना म्हटलं, पहिली चक्कर तुम्ही मारा. ते म्हणाले, "नाई, तुमची गाडी हाय." उन्हाळ्यात त्यांच्या तोंडी ती बाबांची गाडी होती. मी मारली चक्कर. गाडी उत्तम चालत होती.

भाऊबीजेला बहीण आली. आईनं तिच्या वाटेकडे डोळे लावून सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. सगळं रीतसर झालं. तिनं ओवाळलं, मी ताटात साडी ठेवली, ती वाकून पाया पडली. बोलणंही गोड होतं. पण दुपारी तिला तहान लागली तेव्हा तिनं माझ्या बायकोला विचारलं, वहिनी, फ्रिजमधलं पाणी घेऊ का. बायको हसली, तिला वाटलं थट्टा आहे. मळ्यात गेली तेव्हा दोनच वांगी तोडली आणि आधी मला विचारलं. रात्री आईच्या पलंगावर न झोपता चटई टाकून खाली झोपली. आई मला डोळ्यांनी विचारत होती की काय झालं, आणि मी दुसरीकडे पाहत होतो. मला वाटत होतं, दोन दिवसांत निवळेल. मायेचं माणूस आहे, किती दिवस धरून बसेल.

सकाळी निघायच्या वेळी आईनं तिची पिशवी भरली. मुगवड्या, तुरीची डाळ, सांडग्या मिरच्या, एक लुगडं, लेकरांसाठी चिवडा. जवाई बाहेर ऑटोपाशी उभे होते. मी ओसरीवर बसलो होतो. बहीण पिशवी घेऊन आली, माझ्या पायाशी ठेवली आणि तिची चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडली. डाळीचं गाठोडं उचलून बाजूला धरलं, म्हणजे खालचंही दिसेल. मी विचारलं, हे काय करून राहिली.

ती रागात नव्हती. आवाजही चढलेला नव्हता. म्हणाली, "पाहून घे, दादा. मांगाहून कटकट नको."

मी आत पाहिलं नाही, असं मला इथं लिहायला फार आवडलं असतं. पण चेन उघडली तशी माझी नजर आपोआप पिशवीत गेली, आणि ती जाताना तिनं पाहिली.